कृष्णविवराला अस्तर

…नाही पण, मला आधी कुणी सांगितलं होतं का? सांगितलं होतं म्हणे! घरात सगळे एका सुरात, सांगितलं होतं, सांगितलं होतं… अहो, सांगितलं असेल, पण शिंप्याला असं कुणी सांगतं का? 'कापड मधोमध खाली गेलं पाहिजे.' खाली गेलं पाहिजे! सत्तावीस वर्षं मशीनवर बसलोय मी, तुम्हाला सांगतो, गिऱ्हाईक दारातून येतं तेच तक्रार घेऊन, मास्तर, इथे फुगतंय, तिथे लोंबतंय, पाठीत झोळ आलाय, तो काढा. आणि मी काढतो. माझ्या हातचा कोट घालून माणूस वाकला, बसला, जांभई दिली, तरी पाठीवर एक सुरकुती दिसायची नाही. झोळ आपल्याला खपत नाही!

तर झालं असं. आमची धाकटी लेक, वय तेरा. म्हणजे घरात राहते पण भेटत नाही, त्या वयाची. दोन वर्षांपूर्वी एक दिवस म्हणाली, 'बाबा, मी आता कपडे रेडीमेड घेत जाईन.' संपलं. शिंप्याची पोर, रेडीमेड! रोज माझ्याच दुकानावरून जाते, खांद्याची शिवण अर्धा इंच खाली उतरलेली, आणि मी आतून बघतोय… जीव तुटतो हो. खांद्यासाठी थोडा, पोरीसाठी जास्त.

आणि मागच्या महिन्यात ती आपण होऊन दुकानाची पायरी चढली. 'बाबा, एक शिवून द्याल?' कात्री हातातून पडायची बाकी होती. म्हटलं, बोल, फ्रॉक, झगा, कोट? 'कृष्णविवर.' मी म्हटलं, माप आणलंयस? हसू नका, तोंडाला आलं ते बोललो. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. 'एका मोठ्या रिंगेवर ताणणारं कापड बसवायचं, बाबा. मधे लोखंडी गोळा ठेवला की वजनानं खड्डा पडतो, आणि कडेनं गोट्या सोडल्या की त्या खड्ड्याभोवती फिरतात. एवढंच. फक्त शिवा.'

बायको म्हणाली, 'पोरीनं सांगितलंय तेवढंच करा. तुमचं शहाणपण त्यात घालू नका.' मी? शहाणपण? मी कधी घालतो?

पण माहिती नको का काढायला? आमचे एक वकीलसाहेब पँटच्या मापाला आले होते, त्यांना विचारलं. ते पोट आत ओढून, श्वास रोखून म्हणाले, 'मास्तर, कृष्णविवर सगळं गिळतं. तारे, ग्रह, उजेडसुद्धा. गेलं की गेलं!' झालं. आठवडाभर मी येणाऱ्याजाणाऱ्याला तेच ऐकवत होतो, जसा काही आत्ताच बघून आलोय. कुणाचं ब्लाउज राहिलं, 'बाई, कृष्णविवरात गेलं समजा.' आणि मनात मात्र घाबरलो. जे उजेड गिळतं, ते या मोज्यासारख्या पातळ कापडावर ठेवायचं? भर शाळेत टर्रकन फाटलं म्हणजे? दोन वर्षांनी पोरीनं काही मागितलं, आणि तेच फाटलं?

म्हणून मी… म्हणजे थोडंसंच… खाली अस्तर लावलं. मधे बकरम घातलं, कॉलर ताठ राहायला घालतो ना, ते. कडेनं दुहेरी टीप मारली. रिंग चार स्टुलांवर बसणार, खाली उघडं बरं दिसत नाही म्हणून जमिनीपर्यंत काळी झालर सोडली, चुण्या घालून. वरून इस्त्री. बोट मारलं तर टण्ण! झोळ आपल्याला खपत नाही!

प्रदर्शनाच्या दिवशी गाठोडं घेऊन थेट शाळेच्या हॉलमध्ये गेलो. तिनं उघडलं, म्हणाली, 'किती छान शिवलंय, बाबा!' काय सांगू, छाती फुगली, शर्टाची बटणं माझीच म्हणून टिकली. मग तिनं गोळा ठेवला. गोळा बसला. पाटावर जावई बसावा तसा बसला. तिनं गोटी सोडली. गोटी सरळ गेली, गोळ्याला वळसासुद्धा न घालता पलीकडून खाली. टप्प.

'बाबा, खड्डा?'

'पडणार नाही! बकरम आहे आत.'

हे मी अभिमानानं म्हणालो. अभिमानानं! आणि मग तिचे डोळे भरलेले दिसले, तेव्हा या टाळक्यात उजेड पडला. परीक्षक तीन टेबलं पलीकडे, कुणाचा तरी ज्वालामुखी बघतायत. उसवायचं म्हटलं तर दोन तास, टीप माझी होती ना! पण माझ्या कॉलरीत कायम सुई खोचलेली असते. दोरा चार पदरी केला, मधोमध कोटाचं बटण टाचलं, गोळा बटणावर ठेवला, दोऱ्याचं टोक खाली सोडलं, आणि मी, वय वर्षं त्रेपन्न, झालरीखाली शिरलो.

'ओढा,' वरून हळूच आवाज आला. दोरा दोन्ही तळव्यांना गुंडाळून ओढला. गेलं कापड खाली! झोळ आपल्याला खपत नाही म्हणे… स्वतःच्या शिवणीला स्वतःच्या हातांनी झोळ पाडत बसलो होतो मी!

तेवढ्यात परीक्षक आले, आणि वर लेक बोलायला लागली. अहो, दोन वर्षांत तिचं इतकं बोलणं ऐकलं नव्हतं मी! 'लोकांना वाटतं, कृष्णविवर सगळं गिळतं. तसं नाही, सर. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी आत्ता फिरते तशीच फिरत राहील. अंधार होईल, गारठा पडेल, पण पृथ्वी आत ओढली जाणार नाही. फार जवळ गेलं, तरच परतीची वाट बंद.' खाली मला वकीलसाहेबांची पँट आठवली आणि मग मीच मला आठवलो. कुठे चाललीस, कुणाबरोबर, काय खाल्लंस, खांदा का उतरलाय… दोन वर्षं मी हेच करतोय. पोरगी रेडीमेडकडे पळेल नाही तर काय करेल?

'आपल्या आकाशगंगेच्या मधोमध असंच एक आहे,' ती सांगत होती. 'चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं. ते स्वतः दिसत नाही. भोवतीचे तारे कसे फिरतात, त्यावरून कळतं की ते तिथे आहे.' म्हटलं, आहे बाई, आहे! पायात गोळा आलाय, पण आहे!

आणि धूळ गेली नाकात. दाबली हो शिंक, खूप दाबली… आँ… छीं! दोरा सुटला, बकरम टणकन वर उसळलं, गोट्या चौफेर! एक परीक्षकांच्या चष्म्यावर वाजली, मी खालून ऐकली.

पण पोरगी डगमगली नाही. 'हेही होतं, सर! कृष्णविवराकडे जाणारा सगळाच वायू आत पडत नाही, काही प्रचंड वेगानं बाहेर फेकला जातो. त्यानं आजूबाजूचा वायू तापतो, आणि तापलेल्या वायूत तारे सहज बनत नाहीत. म्हणजे आकाशगंगेत नवे तारे किती जन्मतील, यावर त्याचाही वचक असतो.'

परीक्षकांचा जाड आवाज आला, 'उत्तम. पण बाळ, कृष्णविवराच्या चपला बाहेर आल्यात.'

झालर वर गेली. मी मांडी घालून, हातात दोरा. तीस-चाळीस माणसं वाकून बघतायत! लेक म्हणाली, 'हे माझे बाबा. त्यांनी अस्तर लावलं, म्हणून आता त्यांनाच ओढावं लागतंय.' असे हसले म्हणता सगळे! मी बाहेर आलो, गुडघे झटकले, काहीतरी बोलायला हवं म्हणून परीक्षकांना म्हटलं, 'साहेब, तुमच्या कोटाला पाठीत झोळ आहे. आपल्याला खपत नाही. दुकानात या.'

तर, उत्तेजनार्थ मिळालं. परत येताना ती दोन पावलं पुढे, मी दोन पावलं मागे. म्हटलं, आता जवळ जायचं नाही, काही विचारायचं नाही. चौकात ती थांबली. 'बाबा, पुढच्या वर्षीही मॉडेल करायचंय मला. तुम्ही काही शिवू नका.' माझं काळीज असं खाली गेलं की बकरमसुद्धा थोपवू शकलं नसतं. मग म्हणाली, 'तुम्ही नुसते खाली बसा. ओढता छान.'

बसतो म्हटलं! तिथल्या तिथे! बायको म्हणते, 'एवढा मोठा कारागीर, झालरीखाली बसणार? कमीपणा नाही वाटत?' आता तुम्हीच सांगा, तेरा वर्षांची मुलगी, तिच्या पायाशी बसून तिचं एवढं बोलणं ऐकलं, आणि तिनं एकदाही 'बाबा, तुम्ही जा ना तिकडे' म्हटलं नाही… बापाला यापेक्षा चांगली जागा कोण देतं? फक्त गुडघे तेवढे कुरकुरतात, त्यांना रोज तेल चोळतोय. अजून अकरा महिने आहेत.