शिबिरात दिलेलं रक्त

"ज्याचं रक्त, त्याला उत्तर आधी कळलं पाहिजे." नोकरीच्या पहिल्या दिवशी डॉक्टर अवधूत पेंढारकर मला हे म्हणाले होते.

अध्यक्षा सुवर्णाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, पुण्याला परत निघालेले आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर, त्यांच्या पत्नी नैनाकाकू आणि शॉमबर्गच्या मराठी मंडळातले माझे सर्व स्नेही, नमस्कार.

डिपेंडंट व्हिसावर घरी बसलेल्या नर्सला कामाची परवानगी मिळाली, तेव्हा पहिली नोकरी सरांनी दिली. सुई टोचण्याआधी रुग्णाचा हात जरा हातात धरावा, हे त्यांनी शिकवलं. त्यांच्याविषयी चांगलं बोलायला मला कागद लागत नाही.

काही वर्षांपूर्वीचं, मंगोलियन कुटुंबांसाठीचं आपलं रक्ततपासणीचं शिबिर आठवतं ना? याच हॉलमध्ये. आपण पोहे केले होते. माझी मैत्रीण सोलोंगो वाळवलेल्या दह्याच्या दगडासारख्या वड्या घेऊन आली होती. "प्रतिमा, दात सांभाळ, डेंटल इन्शुरन्स नाहीये तुझा," सर म्हणाले आणि आपण किती हसलो! सोलोंगोच दुभाषी. "ही प्रतिमाची माणसं," असं सांगून तिनं नवऱ्याला, शेजाऱ्यांना आणलं. त्यांच्याकडे हेपेटायटिस बी पुष्कळ घरांत आहे. इथंही बऱ्याच जणांना निघाला. "सध्या शांत आहे," सर म्हणाले.

पण बी असलेल्या माणसाला आणखी एक विषाणू गाठू शकतो, डी. दोघं मिळून यकृत फार लवकर पोखरतात. त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

यंदा सोलोंगोच्या नवऱ्याच्या पोटात पाणी झालं. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये डी निघाला. तिनं मला विचारलं, "रक्त तर तेव्हाच दिलं होतं ना आम्ही?"

मी सरांना पार्किंगमध्ये गाठलं. वाटलं, म्हणतील, राहून गेलं. चूक कुणाची होत नाही?

सर म्हणाले, "अगं, डी तपासला होता की. माझ्या रिसर्च पेपरसाठी. पेपरात नावं नसतात. औषध तरी कुठं होतं धड? उगीच कशाला घाबरवायचं?"

सुवर्णाताई, चिठ्ठी मिळाली. आटोपते.

म्हणजे सरांना माहीत होतं. सोलोंगोच्या घरी बसून सर मीठ घातलेला चहा प्यायले, तिच्या नवऱ्यानं दोन्ही हातांनी वाटी पुढे केली, तेव्हाही माहीत होतं. कळलं असतं तर तो वेळेवर तपासण्या करत राहिला असता, दारू सोडली असती. सोलोंगो म्हणते, "निदान आम्ही घाबरलो तरी असतो."

मंडळानं मला बोलू दिलं, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आता एकच विनंती. डॉक्टर, आणखी कुणाकुणाला डी आहे, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. गुरुवारचं पुण्याचं विमान सोडा. त्या प्रत्येकाच्या घरी जाऊ. मी ड्राइव्ह करेन, सोलोंगो भाषांतर करेल, सांगायचं मात्र तुम्ही. नैनाकाकू मान हलवताहेत, दिसतंय मला. तुम्हीही नाहीच म्हणाल. तरी विचारते, सर, येता?