पाचला खाली बसायचं

शिंप्याच्या दुकानात माझ्यापुढे नाच शिकवणाऱ्या बाई होत्या आणि त्यांच्या एका विद्यार्थिनीची आई.

"बाई, तिची ती स्टेप काढा ना."

"अहो, तिची तिनं बसवलीय! मी एवढंच म्हटलं, घरात दिसतं त्याचा नाच करा. एकानं तर वॉशिंग मशीन केलंय."

"आणि हिनं?"

"एक-दोन-तीन मोजत पाचला डोकं झाकून खाली बसते. सगळ्यांना इतकी आवडली, आता वीसच्या वीस मुलं एकदम बसतात."

"वीस? अगं बाई! तिचे बाबा पहिल्या रांगेत असणार. त्यांना कळेल हो."

बाईंचा आवाज खाली आला.

"मग आठला ती कुणाचा तरी हात ओढत दाराकडे पळते, ते?"

"ते तर आधी काढा. ते अजून व्हायचंय."