हळदीच्या हातातला हिरा

एकाहत्तर साल. श्रीरामपूरच्या स्टँडवर कोपरगावच्या गाडीला रांग लागली होती. माझ्यापुढं एक फेटेवाला बाप, त्याची नवी लग्न झालेली लेक आणि रांगेतच भेटलेली त्यांच्या गावची म्हातारी.

"सहादेव, लेक दोन महिन्यांतच माघारी?"

"अंगठीपायी, मावशी. म्या हिला लग्नात हिऱ्याची घातली हुती. हळदीच्या हातात हिरा पांढराशुभ्र दिसला."

"मग?"

"हळद उतरली आन् हिरा पिवळा दिसाया लागला. विहीन म्हनली, खडा बदलला."

"अगं बाई! मग रोज लावायची हाताला हळद."

"पंधरा दिस लावली. भाकरी बी पिवळ्या व्हाया लागल्या."

"सराफाला इचारलं न्हाई?"

"इचारलं. त्यो म्हनला, दोन्ही बाजूला पिवळे पुष्कराज बसवू, त्यांच्याशेजारी हिरा पांढरा दिसंल. बसवले. दिसला बी."

"मग मिटलं की!"

"कशाचं मिटतंय! विहीन म्हनली, हिरा झाला पांढरा, पन आता त्याच्यापुढं पोरगीच पिवळी दिसती."

"म्हनून धाडली व्हय? आन् अंगठी?"

"ती ठिवून घेतली. तिच्यात आता काई खोट न्हाई म्हनं."