पाण्यावरची पयली खेप

कामशेतच्या स्टँडवर पवनानगरची जीप भरत होती. चालक कैलास आणि पुढच्या सीटवरची कस्तुराबाई बोलत होते.

“माज्या पायाशी हा बुडबुड्यांचा डबा कसला रं?”

“पाण्यातनं हायड्रोजन काढतो, मावशी. डिझेलसंगं जाळायचा.”

“आन् फुटला म्हंजे? बाळंतीण लेक वाट बघती माजी.”

“साठाच न्हाई, तर फुटंल काय? लागंल तेवढाच बनतो. फकस्त ठिणगी नको. बिडीवाले उतरवले की समदे.”

“भिमाजीलाबी? सासरा ना तुजा?”

“सासरा आसला म्हून काय झालं!”

“शाना हायस. चल मग.”

“थांबा, पयली खेप हाय. देवाला उदबत्ती लावतो.”

“कैलास, काडी ठिव खाली! आदी मला उतरू दे. तुज्या देवाला मी तुज्या सासऱ्याशेजारी उभी राहून हात जोडते.”