दाढ भरलेलं झाड

मेहुणा : तोंडात गेलं! भाऊजी, थेट तोंडात गेलं!

भाऊजी : काय गेलं? खाली पावसात काही ऐकू येत नाही.

मेहुणा : पाणी! फांदीला करवत लावली नि खोडातून भसकन काळं पाणी आलं. थू! मेलेला उंदीर आठवडाभर ओल्या मोज्यात ठेवावा, तसा वास येतोय.

भाऊजी : पावसाचंच पाणी रे. थुंक आणि काप. फांदी छपरावर टेकलीय, कौलं फुटायच्या आत उतरवायला हवी.

मेहुणा : पावसाच्या पाण्यात गोम असते? ही बघा, बाहीत शिरली. ई! अजून एक आहे!

डॉक्टर : अहो, ते पाणी जरा पलीकडे सांडू द्या. ओटा कालच धुतलाय.

भाऊजी : डॉक्टर, घर तुमचं आहे, पण तुम्ही आत बसा बरं.

डॉक्टर : मला एवढंच सांगा, वास आंबट आहे की कुजका?

मेहुणा : काय फरक पडतो?

डॉक्टर : खूप पडतो. आंबट म्हणजे वरवरचं. कुजका म्हणजे मुळापर्यंत गेलेलं. उभा जन्म लोकांच्या जबड्यात नाक खुपसून काढलाय मी.

मेहुणा : कुजका! आणि करवत लोण्यात चालल्यासारखी चाललीय. भाऊजी, या खोडात बोट घातलं तर कोपरापर्यंत हात जातोय. आत सगळं गिळगिळीत आहे. शी!

भाऊजी : असं कसं? सकाळी हातोड्यानं ठोकून पाहिलं मी. खणखणीत वाजलं.

मेहुणा : कुठे ठोकलंत?

भाऊजी : इथे. छातीच्या उंचीवर.

मेहुणा : आणि?

भाऊजी : आणि काय? पाऊस केवढा होता!

मेहुणा : म्हणजे एक ठोका मारून चहाला गेलात.

भाऊजी : दोन मारले.

डॉक्टर : तिथे खणखणीतच वाजणार. तिथे सिमेंट आहे.

भाऊजी : काय आहे?

डॉक्टर : सिमेंट. ढोली होती, मी भरली. आधी आतून कोरून साफ केली, मग थरावर थर दिले, वरून सालीच्या रंगाचा हात फिरवला. तुम्ही नाक लावून उभे होतात, तरी कळलं नाही! काम जमलंय म्हणायचं.

भाऊजी : आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

डॉक्टर : तुम्ही विचारलंत कुठे? मी आपला बघत होतो, ओळखता का.

मेहुणा : वा! म्हणजे मी आज एका सडक्या दाढेला कंबर बांधून बसलोय.

(खोडाच्या आत, खोल कुठेतरी, लाकूड करकरतं.)

भाऊजी : हलू नकोस. कुठून आला आवाज?

मेहुणा : माझ्या पायाखालून. भेग पडलीय, सिमेंटच्या जरा वर. रुंदावतेय, भाऊजी.

भाऊजी : खाली सरकू नकोस, भार तिच्यावरच येईल. शेजारच्या झाडाच्या बेचक्यातून दोर फेकतो. तो कमरेला बांध, खोडाचा पट्टा सोड आणि इकडे झोकून दे. मी धरतो.

मेहुणा : पट्टा सोडू? म्हणजे सगळा भार तुमच्या हातांवर?

भाऊजी : मग कुणाच्या? डॉक्टरांच्या?

मेहुणा : डॉक्टरांनी निदान दाढ भरायची मेहनत तरी घेतली. तुम्ही दोन टिचक्या मारून मला वर चढवलंत. आणि घरी ताईपुढे काय ऐट! म्हणे, तुझ्या भावाला पोटच्या पोरासारखा सांभाळतो.

भाऊजी : शिव्या खाली येऊन दे.

मेहुणा : आत्ताच देतो, खाली कसा येईन कुणास ठाऊक. किळस येते मला तुमची, भाऊजी. तोंडातल्या या घाणीपेक्षा जास्त.

भाऊजी : येऊ दे. दोर पकड.

मेहुणा : हुकला! नेम तरी धरा!

भाऊजी : भिजून जड झालाय रे. हा घे पुन्हा... मिळाला?

मेहुणा : मिळाला. बांधतोय. त्या झाडाच्या बुंध्याला वेढे घातलेत?

भाऊजी : दोन घातले.

मेहुणा : तुमचं सगळं दोनावरच अडतं. आणखी एक घाला.

भाऊजी : घातला.

मेहुणा : डॉक्टर, खरंच घातला का?

डॉक्टर : घातला, घातला. मी बघितलं.

भाऊजी : आता पट्टा सोड.

मेहुणा : तुमचे पाय चिखलात सरकतायत. दिसतंय मला इथून.

भाऊजी : माझ्या पायांकडे बघू नकोस.

मेहुणा : ताईला सांगा की...

भाऊजी : मी काही सांगणार नाही! जे काय सांगायचं ते तूच सांग, रात्री जेवताना. सोड!

डॉक्टर : अरे, अरे, अरे! गेलं! शेंडा गेला, फांद्या गेल्या... माझा भराव तेवढा जागेवर आहे बघा!

भाऊजी : भराव गेला खड्ड्यात! पोरगा कुठाय? अरे, बोल की!

मेहुणा : लोंबकळतोय. तोंडात अजून तीच चव आहे, म्हणजे जिवंत असणार. हळूहळू सोडा.

भाऊजी : येतोयस... येतोयस... गुडघे वाकव.

डॉक्टर : चूळ भरायला कोमट पाणी आणतो. मीठ टाकून.

मेहुणा : आणा. बादलीभर आणा. टेकले पाय, भाऊजी. दोर सोडा आता.

भाऊजी : हो.

मेहुणा : हो काय? जमिनीवर उभा आहे मी, तुमच्या समोर. सोडा की.

भाऊजी : तूच ये जरा इकडे. बोटं उघडत नाहीयेत.