पुढची अकरा भोकं

नाही, त्या डांबरगोळ्यांचं मला सांगूच नका — गोळ्या टाकल्या होत्या, पिशवीला गाठ मारली होती, ऐकलं मी, दोनदा ऐकलं. गोळ्यांनी काय होतं? वास येतो. कसर काय वासाला घाबरून पळते? ती पिवळट पाखरं उडताना दिसतात ना, ती तर काही खातच नाहीत, खातात त्यांच्या अळ्या, आणि तुम्ही गाठ मारलीत तेव्हा त्या आधीच आत बसलेल्या. कोंडून जेवायला वाढलंत त्यांना, आणखी काय. लोकर उन्हाळ्यात ठेवायची तर आधी धुवायची — कोमट पाणी, केसांना लावता तो शाम्पूही चालतो, पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची, आडवी वाळवायची, हँगरला टांगलीत की खांदे लोंबले म्हणून समजा. यात अवघड काय आहे? पण धुतो कोण? वडिलांच्या अंगातून स्वेटर काढला आणि कोंबला पिशवीत. — धुतला होता? बरं. धुतला होता म्हणता. या इकडे, दिव्याखाली या.

चाळीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांची भोकं बुजवतेय — आणि मावशी म्हणू नका, मावशी म्हटलं की लोकांना वाटतं, आता खोटं खपेल. हे बघा. गळ्यापासून खाली मोजा. अकरा. सगळी पुढे, सगळी उजव्या अंगाला. पाठीवर एक नाही, डाव्या बाहीवर एक नाही. का हो? कसरीला डावं-उजवं कळतं? तिला कळतं ते एवढंच, की इथे काहीतरी सांडलंय. दूध, अंड्याचा बलक, सूप, लाळ — जिथे डाग तिथे ती आधी तोंड लावते. म्हणजे तुमच्या वडिलांच्या उजव्या हाताला कोणीतरी उभं राहून भरवत होतं. उभंच, बसून भरवणारा माणूस समोर बसतो. उभ्या उभ्या, घाईघाईनं, अर्धा चमचा तोंडात, अर्धा छातीवर, आणि पुसलं नाही. ही मनगटाची पट्टी बघा, हात लावा — लावा हो, तुमच्याच वडिलांचं आहे — पुठ्ठ्यासारखी कडक. तोंड ते स्वतःच पुसत होते, बाहीला. पाठ खुर्चीला घासून घासून गोळे आलेत, आणि कोपर मात्र नवे कोरे. कोपर कधी झिजतात? माणूस टेबलाशी बसून चारचौघांत जेवतो तेव्हा. त्यांना टेबलाशी घेतच नाही तुम्ही.

असं तोंड करू नका, मी काय पोलीस आहे? तुमच्या घरात कोण कुठे जेवतं याच्याशी मला काय करायचंय. आणि मला किळस येतेय ती डागांची नाही — म्हातारपणी सांडणारच, तुमचंही सांडेल, माझंही. आल्या आल्या तुम्ही काय म्हणालात? 'असं करा की कळता कामा नये, रविवारी ताई येतेय.' वडिलांना थंडी वाजते, असं नाही म्हणालात. ताईला दिसेल म्हणालात. आईच्या हातचा स्वेटर, ताई आल्याबरोबर पहिला हात त्यालाच लावणार, आणि मग तिला माझ्यासारखंच मोजता आलं तर?

आणि करता येईल हो, तेच तर. ही बगलेखालची शिवण उलटली — दिसतंय? तुमच्या आईनं त्याच लोकरीची लहानशी लड आत टाचून ठेवलीय. विणणाऱ्या बायका करतात असं, म्हणजे स्वेटर जितक्यांदा धुतला जातो तितक्यांदा तीही धुतली जाते, दोन्हींचा रंग सारखाच उतरतो. हीच लोकर वापरली तर कुठलं भोक भरलं ते देवालासुद्धा सापडायचं नाही. बाईनं जाण्याआधी दुरुस्तीची सोय करून ठेवली, आणि तुम्ही — जाऊ द्या.

असं झाकलं की पुढे काय होतं, ठाऊक आहे? काही होत नाही. कौतुक होतं. सासूबाई गेल्या तेव्हा नणंद म्हणाली, आईचा स्वेटर मला द्या, आणि मी पेटीतून काढला तर — बरोब्बर याच जागी. सात. दोन दिवस दुकान बंद ठेवून बसले, एकेक टाका उचलला, असं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. नणंदेनं तो गालाला लावला आणि म्हणाली, वहिनी, किती जपलंत हो आईला. स्वेटरला नाही म्हणाली, आईला म्हणाली. आणि मी — मी म्हटलं, त्यात काय मोठंसं, माझं कामच होतं ते. अजून घालते ती तो. आल्या-गेल्याला सांगते, आमच्या वहिनीसारखी सून — मी हे तुम्हाला का सांगतेय? तुमचा काय संबंध? लोकर कशी धुवायची ते सांगत होते मी.

ऐका. धुऊन देते, मनगटाची पट्टी नवी विणते, गळा नीट करते. ती अकरा बुजवणार नाही. — दुप्पट, तिप्पट, काहीही म्हणा, नाही. ती ताईला दिसू द्या. विचारलं तर सांगा काय सांगायचं ते, जीभ आहे ना तुम्हाला, माझ्यापुढे तर चांगली चालते. वाळायला दोन दिवस, पट्टीला एक, शनिवारी न्या. तोवर त्यांना दुसरा घाला. — काय म्हणालात? — एकच आहे? अहो, थंडी पडून आठ दिवस झाले. आठ दिवस काय घालून बसलेत ते?

बोला ना.

नाही, तो उचलू नका, त्यात अळ्या आहेत. तुमच्या अंगातला काढून घाला त्यांना. जा.