दर सोमवारचं वजन

मी मूळचा मांजरी गावचा. गावाच्या चारी अंगांनी ऊस, आन वडील साखर कारखान्याच्या काट्यावर कामाला, म्हंजे उसाच्या गाड्या तोलायच्या तिथं. उभ्या जन्मात त्यांनी कुनाला काटा मारला न्हाई, लई लोकांनी लई आमिषं दाखवली, पन न्हाई. लोक म्हनायचे, रामभाऊनं तोललं म्हंजे देवानं तोललं. आता माझं वय पंचाहत्तर, येरवड्यात लेकाकडं ऱ्हातो, लेक आयटीत हाय, सून शाळेत शिकवती, नात प्राची वकिली शिकतीय, कशाची कमी न्हाई. आन त्याचंच मला भ्या वाटतं बघा. का वाटतं ते सांगतो, त्यासाठीच तुम्हाला बसवलंय.

मॅट्रिक झालो आन जेल खात्यात शिपाई म्हनून लागलो. बदल्या व्हत गेल्या. हे कुठल्या जेलात घडलं ते लिहू नका, साहेब लोकांचा त्यात काय दोष न्हाई, त्यांनी नियमानं केलं. जे चुकलं ते माझं चुकलं. तर तिथं माझी ड्युटी लागली फाशीयार्डात. आता तुम्हाला म्हाईत नसंल, फाशीच्या कैद्याचं वजन बघावं लागतं. दोर किती लांब सोडायचा ते वजनावर ठरतं. आन आदल्या दिवशी त्याच्या वजनाच्या दीडपट वाळू पोत्यात भरून, ते पोतं दोराला टांगून, खालची फळी पाडून बघत्यात, दोर टिकतो का. आमचे सुभेदार म्हनले, अचूक वजन कोन करंल रे, आन माझ्या तोंडातून निघून गेलं, माझे वडील काट्यावर हायेत. झालं. काटा माझ्या गळ्यात पडला.

किसन नाव त्याचं. बत्तीस-तेहतीसचा असंल. त्यानं दोन जीव घेतले व्हते, शेजारची बाई आन तिची सहा वर्षांची पोर, चोरी करायला शिरला आन त्या जाग्या झाल्या म्हनून. हे आधीच सांगतो, न्हाईतर तुम्ही म्हनाल म्हातारा खुन्याची बाजू घेतोय. त्या पोरीचा फोटो मी पेपरात बघितला व्हता, दोन वेन्या, आन तो आला तवा पयल्यांदा मला त्याच्याकडं बघवत नव्हतं. खालच्या कोर्टानं फाशी दिली, वरच्यांनी कायम केली, मग दयेचा अर्ज गेला. आन अर्ज गेला की काय असतं, नुसती वाट बघायची. त्यानं बी, आन आमी बी.

पयल्या सोमवारी काटा घेऊन गेलो तर तो म्हनला, मामा, हे कशाला? आता काय सांगायचं त्याला. खरं सांगायचं व्हतं, न्हाईतर गप बसायचं व्हतं, शिपायानं गप बसलं तर कोन विचारतंय. पन माझी जीभ वळली आन मी म्हनलो, दवाखान्याचा हुकूम हाय, तुझी तब्येत बघायची हाय, जरा खात जा. चोपन्न किलो भरला व्हता. त्याचं तोंड जे बदललं ना, ते मी अजून बघतो. त्याला वाटलं, सरकार तब्येत बघतंय म्हंजे जगवनार. बरोबर हाय की, मारायच्या मानसाची तब्येत कोन बघंल.

तवापासनं तो जेवायला लागला. आधी अर्धी भाकर टाकायचा, आता ताट पुसून खायचा. सोमवारी मी जायच्या आधीच चप्पल काढून उभा. पंचावन्न. छप्पन्न. मला विचारायचा, मामा, वाढलं का, आन मी म्हनायचो, वाढलं की. आईला पत्र लिहिलं त्यानं, गजाच्या आतून मला वाचून दाखवलं, इथले मामा माझ्या वजनाकडं लक्ष देतात, तू काळजी करू नको. वडिलांनी कधी काटा मारला न्हाई, आन मी? काट्यावर आकडा खरा व्हता हो. काटा मी तोंडानं मारला.

दीड वर्षानं अर्ज फेटाळला. आईला बोलावून घेतलं शेवटच्या मुलाखतीला. लहानखुरी बाई, हातात कापडी पिशवी. भेट झाली, रडनं-पडनं झालं, आन बाहेर पडताना ती माझ्यापुढं थांबली, म्हनली वजन बघनारे तुमीच का. मी मान हलवली. तर त्या बाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी युनिफॉर्ममदी, आन ती म्हनली, "माझ्या लेकाला उपाशी न्हाई ठेवलंस, तुझी लेकरं भरल्या ताटावर बसतील." तिथंच तिला खरं बोलायला पायजे व्हतं.

त्याच दिवशी वाळू भरली. त्याचं शेवटचं वजन अठ्ठावन्न, त्याचे दीडपट सत्त्याऐंशी. मूठमूठ टाकून बरोबर सत्त्याऐंशी केले, वडिलांनी बघितलं असतं तर नाव ठेवलं नसतं. पोतं टांगलं, फळी पडली, दोर टिकला. ते पोतं तसंच हलत ऱ्हायलं, आन मी मनात त्याला किसन म्हनलो. मग संध्याकाळी ताट घेऊन गेलो त्याच्याकडं. हुकूम त्याला वाचून दाखवला व्हता, त्याला सगळं म्हाईत व्हतं. तर तो उठला, चप्पल काढली, नेहमीसारखा सरळ उभा ऱ्हायला आन म्हनला, "मामा, आज वजन न्हाई करायचं?"

वार सोमवारच व्हता म्हनून सवयीनं म्हनला, का त्याला वजनाचं खरं कारन कळलं व्हतं आन तो मला बोलून दाखवत व्हता, काय सांगू तुम्हाला, मला आजतागायत उमगलं न्हाई. मी ताट ठेवलं आन निघून आलो.

सकाळी गेटाबाहेर त्या पोरीचा बाप उभा व्हता. गेटावरच्या शिपायानं सांगितलं, झालं. तो म्हनला, झालं? बरं. आन तिथंच फूटपाथवर बसला, कुठल्या बाजूला जायचं तेच त्याला कळंना. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की फाशी नको म्हनून? आन किसनच्या आईला कुठल्या तोंडानं सांगू की हवी म्हनून? पेपरात, टीव्हीवर मोठीमोठी लोकं भांडत्यात, ठेवा, काढा. भांडू द्या, शिकलेली हायेत, पन त्यातल्या कुनी वाळू भरलेली न्हाई.

तवापासनं मी काट्यावर उभा ऱ्हात न्हाई. दवाखान्यात म्हनत्यात, आजोबा, जरा वर उभे राहा, मी म्हनतो अंदाजे लिहा. घरात काय चांगलं झालं, लेकाला बढती मिळाली, नवा फ्लॅट झाला, की मी मनात म्हनतो, ही त्या माउलीच्या तोंडची पुन्याई, खोटं बोलून घेतलेली. परत कुनाला करू? ती आता असंल का नसंल.

गेल्या महिन्यात प्राचीच्या कॉलेजात वादविवाद व्हता, फाशी रद्द करावी का न्हाई. तिच्या चिठ्ठीत निघालं, फाशी हवी. मला म्हनली, आजोबा, तुम्ही इतक्या जवळून पाहिलंय, मला एखादा स्ट्राँग पॉइंट द्या ना. मी म्हनलो, पॉइंट न्हाई गं, मानूस हाय एक, चालंल का? आन पयल्यांदा सगळं सांगितलं, बायकोला कधी सांगितलं न्हवतं ते. तिनं हातातली वही मिटली. मग म्हनली, आजोबा, तुम्ही त्याला खरं सांगितलं असतं तर? मी म्हनलो, तर त्यानं ते दीड वर्ष खाल्लं नसतं. त्यात बरं काय आन वाईट काय, तूच ठरव, तू वकील.

स्पर्धेच्या दिवशी ती पाया पडायला वाकली, आशीर्वाद द्या म्हनली. माझा हात वर गेला आन तिथंच थांबला. माझ्याकडं द्यायला आशीर्वाद एकच, तो त्या बाईचा, आन तो मी लेकीबाळींना कसा वाटू? पोर वाकलेलीच. शेवटी हात ठेवला आन जे आलं ते बोललो. म्हनलो, बाई, जिंक न्हाईतर हर, पन कुनाला मारायसाठी त्याचं वजन करायची पाळी तुझ्यावर कधी येऊ नये.